पेटीवरून ठरलेला हंगाम
बेळगावातल्या एका हौशी संगीत नाटक मंडळीचा प्रकरण अभ्यास

येत्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आमची मंडळी तीन जुनी संगीत नाटकं उभी करते आहे. बेळगावात किर्लोस्करांचं ‘सौभद्र’, खानापुरात देवलांचं ‘शारदा’ आणि निपाणीत त्यांचंच ‘संशयकल्लोळ’. एका ओळीत मावणारी ही यादी हातात यायला आम्हाला गुढीपाडव्यापासून भर पावसाळ्यापर्यंतचा वेळ लागला आणि पहिली यादी हिच्याहून पूर्ण वेगळी होती. ती कशी मोडली आणि कुणी मोडली, हे सीमाभागातल्या इतर मंडळ्यांना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी मंडळीची कार्यवाह. पेशाने शिक्षिका, गाणारी नाही. गाण्याबद्दल इथे जे आहे ते तालमीत कोपऱ्यात बसून ऐकलेलं, आणि तात्यांना विचारून खात्री करून घेतलेलं.

तात्या म्हणजे आमचे पेटीवाले. वय अठ्ठ्याहत्तर. बेळगावच्या शहापुरात राहतात, आमची तालीमही तिथेच एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. मंडळीत एकूण चोवीस माणसं. शिक्षक आहेत, सोसायटीतले कारकून आहेत, वडगावचा एक विणकर आहे, दोन गृहिणी आहेत, कॉलेजची पाच मुलं आहेत. पोटापाण्यासाठी नाटक करणारा एकही नाही.

मागच्या वर्षीचं ‘मानापमान’

सुरुवात मागच्या जानेवारीपासून केली पाहिजे, कारण यंदाचं सगळं त्या एका संध्याकाळीतून निघालं.

आम्ही ‘मानापमान’ केलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९११ साली मुंबईत पहिल्यांदा झालं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. नाव मोठं, पदं घरोघर माहीत, तिकिटं खपणार याची खात्री. अडचण इतकीच की आमच्याकडे धैर्यधर, म्हणजे नाटकाचा गाणारा नायक, नव्हता. म्हणून बाहेरगावचा एक तयारीचा गायक बोलावला. त्याला दोनच तालमींपुरतं येणं शक्य होतं. त्यातच डिसेंबरअखेर तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन तालमींत दुसऱ्या पेटीवाल्याची आणि त्या गायकाची सांगड बसणं अवघड दिसलं, तेव्हा साथ आधी ध्वनिमुद्रित करून घ्यावी आणि प्रयोगात तीच लावावी, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या अंकात त्याने तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावला. आवाज खरंच सुरेख होता. लोकांनी दाद दिली, तसा तो स्वरावर थोडा अधिक थांबला आणि तिथून फिरत फिरत मुखड्यावर यायला निघाला. तोवर स्पीकरमधली साथ अंतऱ्यात पोचली होती. तो थबकला, मधूनच शब्द पकडायला गेला, अर्धी ओळ गळून पडली. तरीही पद संपल्यावर मागच्या रांगांतून ‘वन्स मोअर’ आला. बेळगावचा प्रेक्षक मोठ्या मनाचा आहे. लॅपटॉपवर बसलेला मुलगा मागचं पुढचं शोधू लागला. रंगमंचावर काही सेकंद नुसती शांतता, आणि मग भलत्याच पदाची सुरावट सुरू झाली. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. लोकांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या रांगेत काळा चष्मा लावून तात्या बसले होते. मध्यंतरात ते आत आले, कुणालाही काही बोलले नाहीत. झाकून ठेवलेल्या ऑर्गनवरची, म्हणजे त्यांच्या पायपेटीवरची, चादर सरळ केली आणि पुन्हा जाऊन बसले.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही त्या मुलाला आणि त्या मशीनला दोष देत राहिलो. पाडव्याच्या बैठकीत मात्र तात्यांनी साखळी उलटी मोजून दाखवली. ध्वनिमुद्रण का केलं? तालमी पुरेशा नव्हत्या म्हणून. तालमी का नव्हत्या? गायक बाहेरचा होता म्हणून. बाहेरचा का आणला? आपल्यात धैर्यधर नव्हता म्हणून. “आणि आपल्यात नाही हे ठाऊक असून ‘मानापमान’ घेतलं कुणी?” चूक जानेवारीत झाली नव्हती. ती आदल्या वर्षी नाटक निवडलं त्याच दिवशी झाली होती. हे ऐकायला कठीण गेलं, पण त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता.

पहिली यादी

त्या बैठकीला मंडळींनी आणलेली यादी अशी होती: ‘कट्यार काळजात घुसली’, ‘स्वयंवर’ आणि पुन्हा ‘मानापमान’. ‘कट्यार’ तरुण मुलांची निवड. २०१५ चा चित्रपट पाहून त्यांच्या मनात नाट्यसंगीत शिरलं, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. ‘स्वयंवर’ ज्येष्ठांचा आग्रह. ‘मानापमान’ मागचा डाग धुवायला.

‘कट्यार’चा निर्णय कागदावरच लागला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. ‘कट्यार’चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ मध्ये गेले, संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये. म्हणजे संहिता आणि चाली दोन्हींसाठी रीतसर परवानगी हवी. विद्याधर गोखले, वसंत कानेटकर यांच्या नाटकांनाही हेच लागू. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची नाटकं २००९ पासून खुली झाली. टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१६ पासून. किर्लोस्कर, देवल आणि गडकरी तर केव्हाच खुले आहेत. हौशी मंडळ्या हा विचार बहुतेक वेळा करत नाहीत, ‘आपण कुठे पैसे कमावतो’ असं म्हणून पुढे जातात. विनातिकीट प्रयोगाला हौशी मंडळ्यांना कायद्यात सूट आहे, पण आमच्यासारखं तिकीट लावलं की ती राहत नाही. परवानगी मागणं अवघड नाही, पण तिला वेळ लागतो आणि तो आमच्या हाती नव्हता. मुलं हिरमुसली. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीचं परवानगीचं पत्र मी आत्ताच लिहायला घेतलं आहे.

‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’ यांना कायद्याची आडकाठी नव्हती. तिथे अडचण गळ्याची होती. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला (१९१६) रागदारी बंदिशींच्या अंगाने चाली दिल्या. ‘नाथ हा माझा’ यमनात गायचं तर यमन मांडता आला पाहिजे, नुसती चाल म्हणून भागत नाही. टेंब्यांनी ‘मानापमान’मध्ये ठुमरी-दादऱ्याचे रंग आणले. ही पदं गाणाऱ्याला मोकळी जागा देतात. ती जागा भरता आली नाही तर पद पोकळ वाटतं.

वहीतले सूर

तात्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, “नाटकं राहू देत. आधी गळे मोजू या.”

पुढचे तीन रविवार तेच चाललं. एकेकाला समोर बसवून ते सूर देत, दोन ओळी म्हणवून घेत आणि त्याचा सा पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर बसतो ते लिहीत. पुरुषांत गाणारे तिघे: दोघे काळी एक, एक काळी दोन. बायकांत चौघी: दोघी काळी चार, एक पांढरी पाच, आणि एकीचा सूर पांढरी चारच्या वर सुखाने जात नाही. वहीत दुसरी एक खूण होती, ती मला महिन्याने कळली. पद स्वच्छ म्हणणाऱ्याच्या नावापुढे एक टिंब, आणि पद मांडून वाढवू शकणाऱ्याच्या नावापुढे दोन. सातांपैकी दोन टिंबं फक्त एका नावापुढे होती. त्या पोरीचं पुढे सांगते.

म्हणजे आमच्याकडे एकटा मोठा गवई नव्हता, पण शब्द जपून, तालात, सुरात पद म्हणणारी सात माणसं होती. अशा मंडळीला कुठलं नाटक साजतं, हे सांगायला मग कुणा तज्ज्ञाची गरज उरली नाही. किर्लोस्करांच्या नाटकात पदं शंभरावर असतात, पण ती लहान असतात आणि अनेकांच्या तोंडी वाटलेली असतात. साकी, दिंडी, आर्या, कामदा, लावणीची चाल. त्यांतून गोष्ट पुढे सरकते. पात्र गद्यात बोलता बोलता पद्यावर येतं आणि पुन्हा गद्यावर उतरतं. देवलांची शाळाही तीच. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले आणि अण्णासाहेब किर्लोस्कर तिथे त्यांचे शिक्षक होते. तेव्हा आम्ही गळे मोजत मोजत जिथे पोचलो, तिथे नकाशा आम्हाला आधीच घेऊन जाणार होता: अण्णासाहेबांचा जन्म १८४३ साली गुर्लहोसूरचा, आमच्याच जिल्ह्यातला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगली दरबारात झाल्यावर. आणि आमचं शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होतं. हा इतिहास मला पाठ होता, शाळेत मुलांना सांगतही होते. पण ही नाटकं इथल्या गळ्यांना का बसतात, ते या तीन रविवारी समजलं.

काळी एक, काळी चार

‘सौभद्र’तला आमचा अर्जुन काळी एकमध्ये गातो, सुभद्रा काळी चारमध्ये. जुन्या काळी सगळ्या भूमिका पुरुषच करत, तेव्हा हा प्रश्न इतका टोकाचा नव्हता. आता स्त्री-पुरुष एकाच प्रवेशात गातात आणि सूर मध्येच बदलतो. नीट बदलला नाही तर प्रेक्षकाला काय बिघडलं ते कळत नाही, पण काहीतरी टोचतं.

तात्या काय करतात ते मी ऑर्गनच्या बाजूला स्टूल घेऊन पाहिलं. अर्जुनाचं पद संपताना ते षड्जावर थांबत नाहीत. पाय चालू ठेवून डाव्या हाताचं एक बोट पंचमावर, म्हणजे ‘प’वर, सोडून देतात. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, सुभद्रेचा षड्ज. वर गद्य संवाद चाललेला असतो आणि त्याच्याखाली तो एक स्वर अगदी बारीक, शेगडीवर ठेवलेल्या दुधासारखा. लोकांना तो जाणवतही नाही. सुभद्रा बोलणं संपवून तोंड उघडते तेव्हा तिचा सूर तिच्या कानात आधीच भिनलेला असतो.

तबलजीचं तसं नाही. त्याला दायाँ, म्हणजे सुरात लावलेला उजव्या हाताचा तबला, बदलावा लागतो. तो दोन घेऊन बसतो, एक काळी एकला लावलेला, एक काळी चारला. काढणं, ठेवणं, एकदा ठोकून पाहणं याला वेळ लागतो. आम्ही संहितेला कातर लावताना एका प्रवेशातली चार वाक्यं काढली. चांगली काढली असंच सगळ्यांना वाटलं. तालमीत अर्जुन थांबला, सखी एक वाक्य बोलली, सुभद्रा गाऊ लागली आणि तबलजी एका हातात दायाँ घेऊन तसाच बसलेला. “बाई, माझी वाक्यं कापलासा की!” तो म्हणाला. त्याला नाटकात एकही वाक्य नाही. पण ती चार वाक्यं खरोखर त्याचीच होती. आम्ही ती परत घातली. तेव्हापासून नियम केला: कातर लागताना तबलजी आणि पेटीवाला समोर हवेत.

आता दोन टिंबांची पोरगी. संगीताची विद्यार्थिनी, घरी कन्नड, शाळाही कन्नड. मराठी गल्लीत आणि मैत्रिणींत शिकलेली. वहीत मराठी पदं ती कन्नड लिपीत लिहून घेते. सुभद्रेसाठी तिच्याइतका गळा आमच्यात कुणाचा नाही. पहिल्या आठवड्यात काहींनी कुरकुर केली की उच्चार खटकतील. ‘वद जाऊ कुणाला शरण’ ती म्हणायची तेव्हा ‘जाऊ’चा ज ‘जीव’मधल्या जसारखा यायचा. खटकायचं खरं. कन्नडमध्ये तो दुसरा ज नाहीच, आणि आपल्या देवनागरीतही त्याला वेगळं अक्षर नाही. आपल्याला तो कानाने येतो एवढंच. मी शाळेतली युक्ती केली. दोन रकाने आखले. एकात जीव, जेवण, जिरे. दुसऱ्यात जावई, जाळं, जाडा, जाऊ. दुसऱ्या रकान्यातले शब्द म्हणताना जीभ कुठे टेकते ते तिला तिच्याच बोटाने दाखवलं. तिने आपल्या वहीत अशा प्रत्येक जखाली आणि चखाली लाल टिंब दिलं. तीन आठवड्यांनी खटकणं गेलं. उलट आता मराठी घरातल्या मुलांचं घसरलं तर तीच मान वळवून पाहते.

याच पदांच्या जुन्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याची ओळ दिलेली असते. त्यांत काही कानडी चालीही आहेत. किर्लोस्करांच्या कानावर लहानपणापासून दोन्ही भाषा पडल्या होत्या आणि जी चाल गोड लागली ती त्यांनी घेतली. त्या ओळी वाचायला आम्हाला आता त्या पोरीचीच मदत होते. उच्चारावरून कुरकुर करणाऱ्यांपैकी एक काका तिच्या शेजारी चष्मा लावून बसतात आणि कानडी ओळीचा अर्थ विचारून घेतात.

कातर आणि शेवटची बस

हे प्रयोग एके काळी रात्र रात्र चालत. आमच्या हाती साडेतीन तास आहेत, मध्यंतर धरून. खानापूर बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे, पण तिथला प्रेक्षक खानापूर गावापुरता नसतो, आसपासच्या खेड्यांतून येतो आणि परतीची बस गाठायची असते. मागे एकदा रात्री साडेनऊला सुरू केलेल्या प्रयोगात बारा वाजता बायका मुलांना घेऊन उठल्या होत्या. नाटक रंगात होतं. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, अडचण होती. म्हणून या हंगामात तिन्ही ठिकाणी दुपारी चारला पडदा उघडेल.

पदं कमी करताना भांडणं झाली. प्रत्येकाचं एक लाडकं पद असतं. आम्ही कसोटी ठेवली ती अशी: पद काढल्यावर पुढचं वाक्य समजतं का? समजत असेल तर पद काढण्याजोगं, समजत नसेल तर ठेवायचंच. ‘नच सुंदरि करूं कोपा’ या कसोटीवर कदाचित उतरणार नाही, पण ते काढण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच. लोक ज्यासाठी घरून निघतात ते त्यांना मिळालं पाहिजे. ‘वन्स मोअर’साठी प्रत्येक अंकात एक जागा राखून ठेवली आहे. मागच्या जानेवारीनंतर ती जागा आम्हाला फार मोलाची वाटते.

तारखा

बेळगावात तारीख ठरवणं हे अर्धं नाटक उभं करण्यासारखं आहे. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्या दिवशी सुरुवात करावी अशी सगळ्यांची इच्छा होती. पण १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे १९५६ पासून चालत आलेला मराठी भाषकांचा काळा दिन. त्या आठवड्यात शहरात बंदोबस्त असतो, मिरवणुका असतात, घरातली वडील माणसं मुलांना बाहेर सोडत नाहीत. मंडळीत दोन्ही बाजूंनी मनापासून वाटणारी माणसं आहेत, आणि तालमीत हा विषय काढायचा नाही असा अलिखित करार आहे. म्हणून ५ तारखेला फक्त रंगदेवतेची पूजा आणि नांदी, प्रयोग नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी.

डिसेंबर वगळला. सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉज मिळत नाहीत, गाड्या मिळत नाहीत, रस्ते वळवलेले असतात. खानापूर तालुक्यात भात निघाल्याशिवाय कुणी नाटकाला येणार नाही. सुगी आटोपून जानेवारीत ‘शारदा’. मार्चपासून परीक्षा, पुढे यात्रा. निपाणी फेब्रुवारीत. पावसाळ्याचे चार महिने इथे तालमीला चांगले, वाद्यांना वाईट. दमट हवेत ऑर्गनच्या पट्ट्या चिकटतात, काही सूर तोंड मिटून बसतात. तात्यांनी ऑर्गनच्या पोटात झिरोचा बल्ब लावून ठेवला आहे, जूनपासून तो रात्रंदिवस जळतो.

जाहिरातीचे फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत केले. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावं असा कायदा २०२४ मध्ये आला आहे. आमचा फलक दुकानाची पाटी नाही, तरीही दोन्ही भाषा घेतल्या, त्या कायद्यासाठी घेतल्या नाहीत. कुमार गंधर्व जिथल्या सुळेभावीत जन्मले, रामभाऊ विजापुऱ्यांनी जिथे आयुष्यभर पेटी शिकवली, त्या गावात गाण्याचा कन्नड श्रोता आपल्याला हवाच आहे. फलक लागल्यापासून धारवाडकडच्या दोघांनी तिकिटांची चौकशी केली.

‘शारदा’ खानापुरात का

‘संशयकल्लोळ’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. देवलांनी मोलिएरच्या प्रहसनाचा इंग्रजीतून आलेला धागा घेऊन ते रचलं, १९१६ मध्ये ते संगीत रूपात आलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती ही नावं ऐकली की निपाणीकर आजही खुलतात, आणि आमच्या विणकर मित्राचा फाल्गुनराव तालमीतच सगळ्यांना हसवून दमवतो.

‘शारदा’चं मात्र सांगितलं पाहिजे. १८९९ सालचं हे नाटक, पैशासाठी कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावणाऱ्या बापाचं. सूर बसवताना काही अडलं नाही. अडलं ते त्या बापाजवळ, कांचनभटाजवळ. ही भूमिका सोसायटीत कारकून असलेले आमचे दादा करतात, स्वभावाने अत्यंत मवाळ, दोन मुलींचे वडील. मुलीच्या सौद्याची वाक्यं ते म्हणत, पण प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दावर आवाज पडायचा. दिग्दर्शकाने चार दिवस सांगून पाहिलं. मग खानापूरकडची एक गृहिणी, जी नाटकात इंदिराकाकू करते, सहज म्हणाली, “असा माणूस ओरडत नाही दादा. आमच्याकडे एक होते. हिशेब सांगावा तसं सांगायचे.” दादांनी पुढच्या वेळी ती वाक्यं पावतीपुस्तक भरतात त्या आवाजात म्हटली, थंड, नीटनेटकी. शारदा करणारी मुलगी तालमीत खरंच एक पाऊल मागे सरकली. ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद त्या दिवसापासून वेगळं लागू लागलं.

मुलींसाठी अठरा आणि मुलांसाठी एकवीस ही अट कायद्यात येऊन किती वर्षं झाली. तरी आमच्या शाळेतून नववी-दहावीत मुली गळतात, आणि त्यातल्या काही कुठे गेल्या ते मला ठाऊक आहे. ‘शारदा’ त्या तालुक्यात दुपारी चारला, बायकांना येता येईल अशा वेळी व्हावं, हा या हंगामातला माझा एकटीचा आग्रह होता आणि तो मंडळींनी मानला. या नाटकासाठी कपडे भाड्याने आणायचे नाहीत असंही ठरलं. शहापूर-वडगावच्या घरांत आज्यांची जुनी शहापुरी लुगडी पेट्यांत पडून आहेत. अकरा घरांतून चौदा लुगडी आली. विणकर मित्राने प्रत्येकाचा पदर उजेडात धरून विरलेल्या जागा पाहिल्या आणि तीन बाजूला ठेवली. नेसवायला दोन आज्या प्रयोगाला सोबत येणार आहेत.

सध्या कुठे आहोत

‘सौभद्र’ पूर्ण बसलं आहे. ‘शारदा’चा शेवटचा अंक बाकी. पैशाचं म्हणाल तर बाहेरच्या गायकाचं मानधन आणि भाड्याचे कपडे वाचल्याने मागच्या वर्षीपेक्षा हात मोकळा आहे. ते पैसे ऑर्गनच्या दुरुस्तीत आणि दुसऱ्या दायाँत घातले.

तात्यांचे डोळे आता ठीक आहेत, पण तीन तास पाय मारणं त्यांना झेपत नाही. कॉलेजमधला एक मुलगा, मागच्या वर्षी लॅपटॉपवर बसला होता तोच, मार्चपासून रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. पहिले दोन अंक तात्या, पुढचे तो. दोन सुरांमधला तो पंचम त्याला अजून बारीक धरता येत नाही, मोठा होतो. तात्या त्याला काही सांगत नाहीत, फक्त हात वर करून तळवा खाली आणतात.

एक प्रश्न निपाणीत निघाला. तिथलं सभागृह वरच्या मजल्यावर आहे. त्या मुलाने ऑर्गनच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला, आणि मागच्या रविवारी आम्ही चौघे तो घेऊन गेलो. जिन्याच्या पहिल्या वळणावर खोका निघाला. दुसऱ्या वळणावर, रंगमंचाकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यात, अडकला. उभा केला, तिरपा केला, नाही जमलं. हातपेटीवर भागवावं का, असं सभागृहाच्या माणसाने सुचवलं. आम्ही खोका खाली आणला आणि प्रेक्षागृहाच्या मोठ्या दारातून आत नेला, तो सरळ आला. रंगमंचाच्या पायाशी, मधोमध ठेवून पाहिला. पूर्वी साथीदार तिथेच बसायचे. मात्र तिथे ऑर्गन ठेवायचा तर पहिल्या रांगेतल्या आठ खुर्च्या काढाव्या लागतात, आणि त्या निमंत्रितांसाठी राखलेल्या होत्या. तिथूनच तात्यांना फोन लावला, मग अध्यक्षांना. खुर्च्या काढायचं ठरलं आहे.